खिडकीकडचा गाल

सव्वीस वर्षं बस चालवली की माणसाचे दोन गाल दोन वयांचे होतात, हे नोकरीला लागताना मला कुणी सांगितलं नव्हतं. आतला, प्रवाशांकडचा गाल अजून बरा आहे. खिडकीकडच्या गालाने मात्र रोजचं ऊन खाल्लं आणि सुरकुतून, डागाळून तो माझ्या आईच्या वयाचा झाला. डेपोत मी स्वतःच त्यावर विनोद करायचे. मग तीन वर्षांची नात चार दिवस राहायला आली.

ती शेजारी येऊन बसली की दोन्ही हातांनी माझी हनुवटी पकडायची आणि तोंड वळवायची. "अशी नको आजी. अशी!" दिवसातून दहादा. पोरीला माझा तो गाल बघवत नाही, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. मुलगी तिला घेऊन गेली आणि मी आरशासमोर उभी राहून ढसाढसा रडले. दोघी पुढच्या महिन्यात पुन्हा येणार होत्या. त्याआधी हा गाल माणसात आणायचा, असं मी ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं, निवडणं महाकठीण. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दोन उपाय सांगून दोन कागद हातात दिले होते. एकात माझंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि त्यातला कामाचा भाग बारीक सुयांनी गालात परत घालायचा. दुसऱ्यात माशापासून काढलेल्या द्रव्याची इंजेक्शनं. पहिल्याने तोंड काही दिवस लालभडक, दुसऱ्याने दोन दिवस टेंगळं. कातडी आपली आपणच सावरते म्हणे, पण सावकाश, आणि किती सावरेल याची हमी बाई काही देईनात. शिवाय काहीही केलं तरी उन्हापासून जपायचं. म्हणजे रजा आलीच.

आठ दिवस मी ते कागद घेऊन फिरले. सकाळी रक्त पक्कं असायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत मासा. डेपोतल्या मेकॅनिकला विचारलं, तर म्हणतो, "ताई, मासा नका घेऊ. गावातली सगळी मांजरं बसमागे धावतील." एरवी मी त्याच्याहून मोठ्याने हसले असते. त्या दिवशी उलट त्याच्यावरच खेकसले. दुपारच्या फेरीला तर एक थांबा चक्क ओलांडून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मागे लोक ओरडत होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

ठरल्या दिवशी दवाखान्यात गेले तरी मनाचा निकाल लागला नव्हता. उंच खुर्चीत बसवलं, तर माझा पाय नसलेला क्लच दाबत सुटला. डॉक्टरीणबाई आतल्या गालाच्या बाजूला स्टूल ओढून बसल्या.

"मग काकू, रक्त की मासा?"

"तुम्हीच सांगा. माझी मुलगी असतीस तर म्हणा, काय केलं असतं तुम्ही?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. अहो-जाहोचाही घोटाळा झाला.

"आधी माझ्याकडे बघा बरं."

"बघतेय की."

"कुठे? मघापासून तीनदा सांगितलं." त्या हसल्या. हलकेच माझी हनुवटी धरली आणि तोंड स्वतःकडे वळवलं.

नातही अगदी अशीच धरायची.

गाडी चालवताना बोलणाऱ्याकडे मान वळवायची नाही, हा आमचा पहिल्या दिवसाचा धडा. कुणी पत्ता विचारो, कुणी भांडो, उत्तर द्यायचं ते समोरच्या रस्त्याला. पण घरात कुठला आलाय रस्ता? कोचावरची भिंतीकडची जागा माझी. खिडकीकडचा गाल भिंतीला आणि नात दुसऱ्या बाजूला. म्हणजे तिला दिसत होता तो चांगला गाल! तरीही ती तोंड वळवायची.

"दोन मिनिटं हं," म्हणून मी खुर्चीतून उतरले आणि बाहेरच्या जिन्यात जाऊन मुलीला फोन लावला.

"काय गं आई? झालं का?"

"नाही. मला सांग, ती माझं तोंड का वळवते?"

"कोण, आपली चिमणी? अगं, बोलताना तू बघत नाहीस ना तिच्याकडे." इतक्या सहज म्हणाली ती. मग म्हणाली, "मीपण करायचे तसं. बालवाडीत असताना."

तेव्हा माझे दोन्ही गाल सारखे होते. मी खूप आठवून पाहिलं. मला तिचे हात आठवेनात.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सोडून दिलं."