सुंदरी अक्कांच्या लॅपटॉपमधली कुकी

मी एक कुकी बोलतेय. खायची नव्हे, वेबसाइटची. तुम्ही एखादी साइट उघडलीत की ती तुमच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवून जाते. थोडी अक्षरं, थोडे आकडे. त्या चिठ्ठीला कुकी म्हणतात. मला ना डोळे ना कान, पण स्वतःची कहाणी सांगणाऱ्याला तेवढी सवलत मिळते, ती मलाही द्या.

माझा जन्म चेन्नईत, नंगनल्लूरच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात झाला. लॅपटॉप त्रिपुरसुंदरी यांचा. वय चौपन्न. घराणं तंजावरचं, घरात बोलणं जुन्या वळणाच्या मराठीत, आणि त्याला चाल तमिळची. ऑफिसातले तरुण त्यांना सुंदरी अक्का म्हणतात, तेव्हा मीही तसंच म्हणते.

अक्कांचं काम ऐकण्याचं. दूरदेशीचे डॉक्टर रोग्याला तपासल्यावर आपलं म्हणणं बोलून रेकॉर्ड करतात. अक्का घरी बसून हेडफोनमधून ते ऐकतात आणि टाइप करतात. टेबलाखाली पायाशी एक पेडल असतं, ते दाबलं की आवाज मागे जातो. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. नवीन आलेल्यांना शिकवायचं कामही त्यांच्याकडेच.

पण गेले चार महिने ते पेडल फार वाजायला लागलं होतं. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’? पंधरा मिलिग्रॅम की पन्नास? अक्का तीनदा ऐकायच्या, चारदा ऐकायच्या, आणि खात्री नाही पटली तर जागा कोरी सोडून खूण करायच्या. कोऱ्या जागा वाढत चालल्या. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

एका मंगळवारी दुपारी, काम बाजूला ठेवून, त्यांनी कानांच्या आजारांविषयीची एक साइट उघडली. लगेच अर्धा पडदा झाकत एक चौकट आली: ‘आम्ही कुकीज वापरतो.’ खाली ‘सर्व मान्य’ असं मोठं हिरवं बटण, आणि शेजारी फिकट अक्षरांत ‘पर्याय पाहा’. अक्कांनी माशी हाकलावी तसं हिरवं बटण दाबलं. तो माझा जन्म.

एकाच वेळी आम्ही बऱ्याच जणी जन्मलो. एक त्या साइटची स्वतःची होती. अक्कांना तमिळ पान हवं आणि अक्षरं मोठी हवीत एवढंच ती लक्षात ठेवायची. सज्जन पोर. मी मात्र त्या साइटची नव्हते. पानाच्या कडेला एका जाहिरात कंपनीची पट्टी होती, मी तिची. मला तिसऱ्याची कुकी म्हणतात. माझ्यावर अक्कांचं नाव नव्हतं, नुसता एक नंबर होता. पण जिथे जिथे त्या कंपनीची पट्टी असेल तिथे मला तो नंबर दाखवावा लागायचा, आणि कंपनी ओळखायची: ही तीच, कानांबद्दल वाचणारी.

मग मोर कुळंबूची, म्हणजे तमिळ पद्धतीच्या ताकाच्या कढीची, पाककृती उघडली तरी कडेला एक हसरे आजोबा: ‘ऐकायला त्रास होतोय?’ पावसाचा अंदाज बघितला तरी तेच आजोबा. ‘पन्नाशीनंतर कान तपासा, पहिली तपासणी मोफत.’ अक्का दचकायच्या. नवरा, हरिप्रसाद, कॉफी घेऊन खोलीत आला की त्या हात टेकवल्यासारखं करून तो कोपरा झाकायच्या. मला तेव्हा वाटायचं, मी किती कामाची. खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ऑनलाइन शिकवणी होती. आठ नवीन मुलंमुली, आणि त्या दिवशी मॅनेजर नारायणस्वामीही ऐकायला बसलेले. औषधांची स्पेलिंगं कुठे तपासायची हे दाखवायला अक्कांनी आपला पडदा सगळ्यांना दिसेल असा केला आणि एक साइट उघडली. तिच्या दोन्ही कडांना आमच्या कंपनीच्या पट्ट्या होत्या. डावीकडे आजोबा. उजवीकडे कानात बसणारं मशीन. खाली पुन्हा आजोबा.

मग बाजूच्या चॅटमध्ये एका मुलानं तमिळमध्ये लिहिलं, बहुधा मित्राला पाठवायला गेला आणि सगळ्यांना गेलं: ‘मॅडमच्या कानांची बॅटरी संपलीय वाटतं.’

अक्कांनी ते वाचलं. शिकवणी त्यांनी पूर्ण केली, एकही ओळ न गाळता. मग लॅपटॉप मिटला. त्या दिवशी तो पुन्हा उघडला नाही.

रविवारी विद्युलता घरी आली. त्या आठ जणांतली ती एक. सांगलीची, चेन्नईत येऊन तिला आठ महिने झाले होते आणि वेळचेरीच्या हॉस्टेलवर राहत होती. मराठी बोलायला मिळतं म्हणून ती अक्कांना धरून असायची.

“अक्का, रागावणार नसाल तर लॅपटॉप दाखवा,” ती म्हणाली. “परवा जे झालं ते कुकीजमुळं झालं. माझंही झालंय. मैत्रिणीच्या लग्नाला नेसायला साडी बघितली, तर पंधरा दिवस मला लग्नाचे हॉलच दिसत होते. हॉस्टेलमधल्या पोरी पेढे मागायला लागल्या.”

अक्का हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा.

विद्युलतानं ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हसीचं पान उघडलं. आमची यादी समोर आली. चारशे बारा साइट्स.

“मी चारशे बारा ठिकाणीं कधीं गेलें?” अक्का म्हणाल्या.

“तुम्ही नाही गेलात, अक्का. हे लोक तुमच्याकडं आले.” तिनं एकेका ओळीवर बोट ठेवलं. “ही बँकेची, ही ऑफिसची. ह्या ठेवा, ह्यांच्यामुळं तुम्ही आत गेलात हे साइटला लक्षात राहतं. पुसल्या तर पुन्हा पासवर्ड मागतील, एवढंच. पण ह्या बाकीच्या, दुसऱ्याच्या घरात शिरून तुमच्यावर नजर ठेवणाऱ्या.” तिनं ‘तिसऱ्यांच्या कुकीज थांबवा’ हे बटण सरकवलं. “आता पुढं ती चौकट आली की मोठं बटण दाबायचं नाही. ‘नाकारा’ किंवा ‘फक्त आवश्यक’ शोधायचं. बारीक लिहिलेलं असतं मुद्दाम.”

“आणि ती खासगी खिडकी, इन्कॉग्निटो म्हणतात, ती वापरली तर?”

“ती बंद केली की ह्या लॅपटॉपवर माग राहत नाही. पण ज्या साइटवर गेलात तिला तुम्ही दिसताच. ती काही बुरखा नव्हे.” मग ती म्हणाली, “सगळं पुसून टाकू एकदम?”

अक्कांनी माउस आपल्याकडे ओढला. “राहूं दे. माझें मी शिकून करीन.” मग म्हणाल्या, “आणि हें पुसलें म्हणून कान थोडेच बरे होणार?”

विद्युलतानं खुर्ची जवळ ओढली.

“ती जाहिरात खोटं सांगत नव्हती, विद्युलता. उजव्या कानानं मला स आणि फ कळत नाहीं. चार महिने झाले. पण तें सांगायचं माझं होतं. माझ्याआधीं त्यांनीं सांगितलं.”

मी आत होते. इतके दिवस मला वाटत होतं की मी नुसता नंबर दाखवते, त्यात कुणाचं काय जातं. काय जातं ते त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी अक्कांनी नवऱ्याला सांगितलं. हरिप्रसाद इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात आहेत, गाड्यांचे भाग बनतात तिथे. बोलणं कमी.

“मला ठाऊक होतें,” ते म्हणाले. “फोन तूं उजव्या कानाला लावायचीस. आतां डाव्याला लावतेस.”

“मग बोलला कां नाहींत?”

“तूं सांगशील म्हणून थांबलों.”

त्या रडल्या की नाही मला दिसलं नाही, लॅपटॉप मिटलेला होता.

त्याच आठवड्यात दोघं जाऊन कान तपासून आले. उजवा जास्त गेलेला, डावा थोडा. मशीन लावलं तर काम करता येईल, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. आणि मग अक्कांनी ते केलं ज्याला खरा धीर लागतो. त्यांनी स्वतः नारायणस्वामींना फोन लावला.

“सर, त्या दिवशी तुम्ही पडद्यावर जे बघितलंत, त्याबद्दल मला सांगायचंय,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, “माझ्या चार महिन्यांच्या फायली दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला द्या. औषधांचे आकडे आहेत त्यांत. मी चुकले असेन तर मला कळायला हवं.”

नारायणस्वामींनी विचारलं, “हे मागितल्यावर काय होऊ शकतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“सरि,” अक्का म्हणाल्या. बरं, असं. काम जाऊ शकतं हे त्यांना माहीत होतं.

तीन आठवडे त्या नुसत्या थांबल्या. कानात मशीन आलं. पहिल्या दिवशी त्यांना स्वतःच्या टाइप करण्याच्या आवाजानं चकित केलं. इतका खडखडाट होतो हे त्या विसरून गेल्या होत्या. मशीनचा आवाज लॅपटॉपला थेट जोडता येतो, हेही हरिप्रसादांनी खटपट करून जमवलं.

फायलींचा निकाल आला. दोन चुका निघाल्या, दोन्ही नावांतल्या, आणि दोन्ही सुधारल्या. औषधाचा एकही आकडा चुकला नव्हता. जिथे खात्री नव्हती तिथे अक्कांनी जागा कोरी सोडली होती. नारायणस्वामींनी त्यांना वीस नव्या फायली परीक्षा म्हणून दिल्या, आणि त्या झाल्यावर लिहिलं: ‘सोमवारपासून नेहमीचं काम. नवी तुकडीही तुमच्याकडेच.’

नव्या तुकडीला पहिल्याच मिनिटाला अक्कांनी केस मागे सारून कान दाखवला. “हें माझें मशीन. मला ऐकायला कमी येतं, आणि तरीही आकडा कसा पकडायचा तें मी तुम्हांला शिकवणार आहें.” कुणी हसलं नाही. एका मुलीनं वही उघडली.

इतके दिवस मी आत पडून होते. बटण सरकवल्यापासून मला कुणी विचारत नाही. पट्ट्या दिसतात, त्यांत आजोबा नसतात, कुठल्यातरी प्रेशर कुकरचं चित्र असतं. रिकामं बसलं की विचार सुचतात. वाचकहो, आम्ही कुकीज वाईट नाही आणि चांगल्याही नाही. आम्ही ठेवलेल्या चिठ्ठ्या आहोत. कोणाची ठेवायची आणि कोणाची नाही, हे विचारायला ती चौकट येते. घाईत असाल, पण दोन क्षण थांबा. ‘नाही’ म्हणायची जागा असते तिथे, शोधावी लागते. आणि महिन्यातून एकदा यादी उघडून बघा.

अक्का आत्ता तेच करताहेत. कॉफी बाजूला, चष्मा नाकावर. बँकेची ओळ ठेवली, ऑफिसची ठेवली, तमिळ आणि मोठी अक्षरं लक्षात ठेवणारी ती पोर ठेवली. बाकीच्या एकेक करून जाताहेत. बाण खाली खाली येतोय.

आता माझ्या ओळीवर थांबलाय. नाव लांबलचक आहे, मध्ये टिंबं, मध्ये आडव्या रेघा. अक्का ते मोठ्यानं, अक्षर लावत वाचताहेत. त्यात स आहे. फ पण आहे. दोन्ही त्यांना स्वच्छ ऐकू येताहेत.

येते मी.