मानेतली नळी

लोसालिनेने झोळीचा पट्टा ग्लेनिसच्या मानेमागून घेतला, तिचा डावा हात कोपरात वाकवून पोटाशी ठेवला आणि बंद लावला. उद्याच्या ऑपरेशननंतर दीडएक महिना हात असाच राहणार, हे सांगण्यापेक्षा बांधूनच दाखवावं असं तिला वाटलं. ग्लेनिसने मान खाली घालून हाताकडे पाहिलं आणि बोटं हलवून नवऱ्याला काहीतरी म्हटलं. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. नवरा, डग, हसला आणि त्यानेही हातांनीच उत्तर दिलं.

शेजारी बसलेल्या ब्रॉन्विन या दुभाषी बाईंनी ते लोसालिनेला सांगितलं. आता दीड महिना हात पोटाशी धरून कुजबुजतच बोलायचं, असं ग्लेनिस म्हणाली होती. तेवढाच डोळ्यांना आराम, असं डगचं म्हणणं होतं.

लोसालिनेही हसली. टोंगाहून ॲडलेडला ती वर्षभरासाठी आली होती. हाडांची सर्जन ती आधीच होती. खांदा आणि कोपर यांचं पुढचं काम शिकायला ही फेलोशिप. वर्ष आता संपत आलं होतं. उद्याचा खांद्याचा कृत्रिम सांधा पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत तिने एकटीने बसवायचा, असं तिच्या वरिष्ठांनी, मिस्टर लेहान यांनी, कबूल केलं होतं.

मग ती इंजेक्शनबद्दल सांगू लागली. मानेत ते दिलं की दुसऱ्या दिवसापर्यंत अख्खा हात लाकडासारखा पडून राहतो, पण दुखत नाही. हे ऐकून पेशंटचा चेहरा खुलतो, असा तिचा अनुभव. ग्लेनिसचा मात्र उतरला.

"म्हणजे शुद्धीवर येईन तेव्हा मी मुकी?" ब्रॉन्विनच्या तोंडून प्रश्न आला.

उजवा हात मोकळाच असेल, असं लोसालिने म्हणाली.

"मी डावखुरी आहे, पोरी. तुझा अर्धा जबडा शिवला तर बोलशील का?" ग्लेनिसचे हात थांबले, मग सावकाश पुन्हा हलले. लहानपणी तिच्या कानाचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी ओढू नये म्हणून नर्सने दोन्ही हात पलंगाला बांधून ठेवले. तिला पाणीसुद्धा मागता आलं नव्हतं. "दुखलं तरी चालेल. दुखतंय असं सांगता आलं पाहिजे." एवढं बोलून तिने चांगला खांदा उडवला. "पण तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं. म्हणजे लोसालिने गप्प बसली तरी तिला कुणी बोल लावणार नव्हतं.

लेहान खोलीत चहाचा मग विसळत होते. लोसालिनेचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "भूलतज्ज्ञाला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील."

"ऐकेल की. पण तिकडे टोंगात, तुझ्या नुकुआलोफात, सांगायला मी कुठे असणार?"

भूलतज्ज्ञ तापट होता. एवढं मोठं ऑपरेशन, आणि मानेतल्या इंजेक्शनशिवाय? अंगावर काटा येईल असं दुखेल, तो म्हणाला. नीट विचार करायला वेळ हवा, केस पुढच्या महिन्यावर ढकलू.

पुढच्या महिन्यात लोसालिने इथे नसणार होती. पाठीशी उभं राहणारं कुणी असताना असा सांधा बसवायची संधी परत यायची नव्हती.

"ढकला," ती म्हणाली. "पण हात बधिर करू नका."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग नरमून म्हणाला, की बारीक नळी मानेत घालून ठेवता येईल. बाकी औषधांवर भागवू. नळीतून औषध सोडायचं ते ग्लेनिसने मागितलं तरच. केस उद्याच राहू दे.

दुसऱ्या दिवशी सांधा लोसालिनेने बसवला. लेहान समोर उभे राहून जखम उघडी धरायचं मदतनिसाचं काम करत होते. एकदा ती अडखळली, तेव्हा ते फक्त "घाई नाही" म्हणाले.

दुपारी ती रिकव्हरीच्या खोलीत गेली तेव्हा ब्रॉन्विनला दुसऱ्या पेशंटकडे बोलावलं होतं. ग्लेनिसचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता. लोसालिनेने स्वतःची बोटं दाखवली. अंगठा वर, बोटं फाकवून, मग अंगठा नि तर्जनीचं वर्तुळ. ग्लेनिसने झोळीतल्या झोळीत तिन्ही खुणा केल्या. सगळ्या नसा शाबूत होत्या. लोसालिनेने मानेतल्या नळीकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. सोडायचं? ग्लेनिसने नकारार्थी मान हलवली. थांब.

आणि ती डगकडे वळली. पोटाशी ठेवलेला हात हळूहळू हलू लागला. कळ आली की थांबे, पुन्हा सुरू होई. डग खुर्ची ओढून अगदी जवळ आला. तो हसत नव्हता. एकदा त्याने काही विचारलं, तिने तेच पुन्हा सांगितलं, आणि त्याने चष्मा काढून पुसला.

लोसालिनेला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. तरी ती त्या बोटांकडे पाहत उभी होती. डगची नजर वर आली आणि तिच्यावर थांबली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण ऐकत उभ्या आहोत.

ती मागे सरली आणि पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला.

बाहेर नर्स औषधाची सिरिंज घेऊन तयार होती. देऊ का, तिने विचारलं.

"थांब जरा," लोसालिने म्हणाली. "त्यांचं बोलणं होऊ दे."