मासारोची काच

फ्रान्समधल्या नेव्हेर गावात मासारो घराण्यातल्या माणसाला "तुझ्या काचेला छिद्रं आहेत" असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या सोमवारी ते म्हटलं गेलं. तेही वीसेक माणसांसमोर, आणि म्हणणारा होता पाद्री.

झालं असं. न्यायाधीशांचे चिरंजीव महाशय ब्रेव्हाल यांना कुठल्याशा इटालियन प्रयोगाचं पत्र वाचायला मिळालं होतं. त्यांनी ओरास मासारोला तीन हात लांबीची, एका टोकाला बंद अशी काचेची नळी करायला सांगितली. ओरासनं आणि त्याच्या जोडीदारानं भट्टीपाशी एकमेकांपासून मागे मागे चालत जाऊन काच ताणली आणि दोन दिवस कोमट राखेत निववली. मोठ्या लोकांना ती हातात धरायची भीती वाटत होती, म्हणून प्रयोगाच्या दिवशी धरायलाही त्यालाच बोलावलं.

नळी पाऱ्यानं काठोकाठ भरली. ओरासनं तिच्या तोंडावर बोट दाबून ती उलटी केली, पाऱ्याच्याच वाडग्यात बुडवली आणि बोट काढलं. पारा सरसर खाली आला. पण सगळा नाही. पावणेदोन हातांवर येऊन तो थांबला. त्याच्या वर नळीत काहीच दिसत नव्हतं.

"बघा!" ब्रेव्हाल टाळी वाजवून म्हणाले. "वर काय आहे? काही नाही! निव्वळ पोकळी!"

"निसर्ग पोकळी सहन करत नाही," फादर तोरेल बसल्या जागेवरून म्हणाले. गावातल्या शाळेत तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवणारा हा म्हातारा पाद्री. आवाज कधी चढवत नसे, म्हणून त्याच्याशी भांडणं अवघड होतं. "हवा शिरली आहे आत."

"कुठून शिरेल? खाली पारा, वर बंद काच."

"काचेतूनच. काचेला सूक्ष्म छिद्रं असतात. आणि ही काही व्हेनिसची काच नव्हे."

लोक हसले. ओरासनं ब्रेव्हालांकडे पाहिलं. ते आता काहीतरी बोलतील अशी त्याची खात्री होती. ब्रेव्हाल बोलले. "असेल, असेलही. लिआँहून व्हेनिसची नळी मागवतो. महिनाभरात पुन्हा जमू."

ओरास नळी धरून तसाच उभा होता. त्याच्या आजोबांचे वडील इटलीतून डोंगर ओलांडून आले होते ते सरदाराच्या बोलावण्यावरून, काच करायला. खाली ठेव असं कुणी सांगेपर्यंत तो नळी धरून राहिला.

घरी आल्यावर तो जेवायला बसला आणि कांद्याच्या सूपमध्ये पाव बुडवून तसाच विसरला.

"पाव विरघळला तुमचा," त्याची बायको पेरेत म्हणाली. "काय झालं? कुणी मेलं का?"

त्यानं सांगितलं.

"त्या म्हाताऱ्याला काय कळतंय काचेतलं? आयुष्यात मेणबत्तीपेक्षा गरम काही हातात धरलंय का त्यानं?"

"पाद्री आहे तो. गाव त्याचं ऐकतं."

"मग गावानं मातीच्या मडक्यातून दारू प्यावी."

पण गुरुवारी औषधविक्या गोबियो आला. बगलेत टोपली, टोपलीत गवत, आणि गवतात ओरासनंच केलेली बाकदार चोचीची सहा काचपात्रं. अर्क काढायची.

"मासारो, राग मानू नकोस हं," गोबियो टोपली ठेवत म्हणाला. "भांड्यांत खोट दिसत नाही, पण लोक विचारतात. माझा अर्क उडून जातो म्हणतात."

"पाच वर्षं नव्हता उडत, तो या आठवड्यात उडायला लागला?"

"मी कुठं म्हणतोय उडतो? लोक म्हणतात."

"लोक म्हणजे कोण? नाव सांग एक."

गोबियोनं टोपी नीट केली आणि तो निघून गेला. टोपली दारातच राहिली.

त्या दिवसापासून ओरासच्या पायाला स्वस्थता नव्हती. भट्टीपाशी उभा राही आणि फुंकणी हातात तशीच थंड होई. जोडीदारानं दोनदा हाक मारली तरी ऐकू येत नसे. शेवटी तो आरशांना पाऱ्याची कलई करणाऱ्याकडे गेला आणि एक जड बरणी उसनी घेऊन आला. नवी नळी केली. शेकोटीवर फिरवून आतला दमटपणा घालवला. पारा भरताना काचेला चिकटून राहणारे बुडबुडे एका मोठ्या बुडबुड्यात गोळा करून बाहेर काढले. हे ब्रेव्हालांच्या हवेलीत कुणी केलं नव्हतं. केलं पाहिजे हे तिथं माहीत असलेला माणूस एकच होता, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पारा पुन्हा पावणेदोन हातांवर थांबला. ओरासनं हिऱ्याच्या कणीनं काचेवर तिथं रेघ मारली, नळी भिंतीला बांधली आणि समोर बसून राहिला. जेवणाच्या वेळी उठला, परत येऊन बसला. दुसऱ्या दिवशी पारा रेघेशीच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी केसभर खाली गेल्यासारखा वाटला. पाचव्या दिवशी पारा परत वर होता.

"अहो, तो पारा उकळणार आहे का तुम्ही बघून बघून?" पेरेत म्हणाली.

"अगं, आजवर मी जे जे केलं त्यात माझा श्वास होता. बाटली असो, पेला असो. फुंकल्याशिवाय आमच्या हातून काही होत नाही. आणि हे वरचं हातभर... यात माझा श्वास नाही, कुणाचाच नाही. मग काय आहे?"

पेरेतनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मला नाही आवडत ते," ती म्हणाली आणि कोबी चिरायला गेली.

सातव्या दिवशी त्यानं दुसरी नळी भरली आणि मनाशी विचार केला की आत हवा असेल तर तिला कोपऱ्यात गाठता येईल. तोंड वाडग्यात बुडालेलंच ठेवून त्यानं नळी हळूहळू तिरकी केली. पारा नळीत वर सरकू लागला. अजून तिरकी केली. रिकामी जागा चार बोटं उरली, दोन बोटं उरली. त्यानं हात जरा जोरात खाली नेला, आणि आतून 'टक्' असा कडक आवाज आला, लोखंडावर हातोडी बसावी तसा. बंद टोक फुटलं. पारा जमिनीभर पसरला.

पेरेत धावत आली. कोंबडीच्या पिसानं दोघांनी गुडघ्यांवर बसून पारा गोळा केला. उठून पाहते तर तिची लग्नाची सोन्याची अंगठी पांढरी पडलेली.

"माझी अंगठी! आता हिलाही छिद्रं पाडा!"

"निखाऱ्यावर धरतो, जाईल ते. पेरेत, ऐकलंस का तू? आवाज ऐकलास?"

"सगळ्या आळीनं ऐकला."

"हवा असती तर उशीसारखी मध्ये आली असती. आवाज झालाच नसता. मध्ये काहीच नव्हतं म्हणून फुटली!"

पेरेत अंगठीकडे पाहत होती. "फुटली म्हणून एवढा खूश झालेला काचवाला मी पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं.

त्यानं जाड टोकाची नवी नळी केली.

व्हेनिसची नळी आली, प्रयोगाचा दिवस ठरला. ओरासला निरोप नव्हता. तरी तो गेला. अंगात चर्चला जायचा कोट, खांद्यावर कापडात गुंडाळलेली नळी, हातात बरणी. दारावरच्या नोकरानं मागच्या दारानं ये म्हणून सांगितलं. तो पुढच्याच दारानं गेला.

आत व्हेनिसची नळी उभी होती आणि पारा पावणेदोन हातांवरच होता.

"आता बोला, फादर," ब्रेव्हाल म्हणाले.

"व्हेनिसच्या काचेलाही छिद्रं असणारच," फादर तोरेल म्हणाले. "काच आहे ती."

ब्रेव्हाल लाल झाले. त्यांनी कागद चाळले, पुन्हा चाळले. कुणीतरी खोकलं. गोबियो खिडकीशी उभा राहून नखं पाहत होता.

"महाशय, परवानगी असेल तर," ओरास म्हणाला.

"अरे मासारो? तू कसा इथं? तुला बोलावलं होतं का?"

"नाही. फादर, एक विचारू?"

फादरनी मान हलवली.

"पिंप गळकं असलं तर ते अर्धं गळून थांबतं का? माझ्या काचेतून हवा आत येते म्हणता. मग पावणेदोन हातांवर पारा आला की ती यायची का थांबते? येतच राहायला हवी, आणि पारा वाडग्यापर्यंत खाली यायला हवा. माझ्या भिंतीवरची नळी एकवीस दिवस उभी आहे. एखाद्या दिवशी पारा केसभर हलतो आणि परत जागेवर येतो. त्यापलीकडे उतरलेला नाही."

फादरनी डोळे बारीक केले.

"आणि हे बघा. नाही, बघू नका, कान लावा."

त्यानं आपली नळी भरली. बुडबुडा गोळा करायला वेळ लागला. लोक चुळबुळ करू लागले. मग त्यानं ती उलटी केली आणि पारा खाली आल्यावर तिरकी केली. फादर तोरेल खुर्चीवरून उठले, काठी टेकत आले आणि त्यांनी आपला म्हातारा कान बंद टोकापाशी नेला. ओरासच्या मनात आलं, आता फुटली तर पाद्र्याचा कान जाईल आणि माझी मान.

टक्.

काच टिकली. पारा टोकापर्यंत भरला होता, मोहरीएवढाही बुडबुडा नव्हता.

"पुन्हा," फादर म्हणाले.

त्यानं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा फादरनी स्वतः नळी धरली, आणि ओरासनं त्यांचे हात आपल्या हातांत घेऊन किती हळू न्यायचं ते दाखवलं.

म्हातारा सरळ उभा राहिला. "वर काय आहे ते मी सांगू शकत नाही. काहीच नाही, हे मी मानणार नाही. पण हवा नव्हे." मग ओरासकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काच चांगली आहे. मी चुकीचं बोललो होतो."

"मी हेच तर म्हणत होतो पहिल्यापासून!" ब्रेव्हाल म्हणाले आणि पुढचा तासभर तेच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोबियो टोपली न्यायला आला. "फादर स्वतः दुकानात येऊन सांगून गेले," तो म्हणाला. "मी तर म्हणतच होतो."

"तू कुठं म्हणत होतास? लोक म्हणत होते," पेरेत आतून ओरडली.

वसंतात ब्रेव्हालांची पुस्तिका छापून आली. ओरासला वाचता येत नव्हतं. फादर तोरेलच ती घेऊन आले, कारखान्यातल्या बाकावर बसले आणि वाचू लागले. पिंपाची गोष्ट होती. नळी तिरकी करण्याची गोष्ट होती, आकृतीसकट. सगळं 'मला सुचले', 'मी करून पाहिले'.

"माझं नाव?" ओरासनं विचारलं.

फादरनी पान उलटलं, परत मागे आले. "'नळी एका कारागिराने धरली होती.'"

ओरासनं फुंकणी उचलली, खाली ठेवली, दारापर्यंत जाऊन आला. "मी जातो त्याच्याकडे."

"जा. आणि काय होईल? तो तुला एक पुस्तिका भेट देईल."

"तुम्ही तरी का नाही लिहीत, फादर?"

"मी लिहितोय. पोकळी नसते म्हणून." म्हातारा थोडा ओशाळला. "त्यात तुमचं नाव घालतो आहे. माझी बाजू तुम्ही जिथं पाडलीत त्या पानावर." फादर त्याला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणत होते. मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "मला एक नळी करून द्याल का? खोलीत ठेवायला. ब्रेव्हालला सांगू नका."

"झोप लागत नाही?"

"पडतो. मग वाटतं, उठून एकदा बघावं."

"मला वाटलं मलाच तसं होतंय," ओरास म्हणाला.

भिंतीवरच्या नळीवर आता दहा-बारा रेघा झाल्या होत्या. पारा मधूनच बोटभर खाली येई, मधूनच वर जाई, आणि त्याला तर कुणी हात लावलेला नसे. आधी ओरासला वाटलं होतं की काच निवताना आकसत असेल. पण खाली आला की एक-दोन दिवसांत वारा सुटे, ल्वार नदी गढूळ होई. पेरेतनं ते त्याच्याही आधी हेरलं होतं. पारा उतरलेला दिसला की ती कपडे धुवायला काढत नसे.

फादर गेल्यावर ओरासनं पुन्हा पाहिलं. सकाळच्या रेघेपासून पारा दोन बोटं उतरला होता. एवढा तो कधीच उतरला नव्हता. बाहेर ऊन पडलं होतं, आभाळ निळंभोर होतं. त्यानं कणी घेऊन रेघ मारली, ऊन पाहिलं, परत पारा पाहिला. मग अंगावरचा चामड्याचा अंगरखा न काढताच तो फादरना गाठायला रस्त्यानं धावत सुटला.