लिंबाजीमामांचा दात

परभणीहून जिंतूरला रोज शाळेत जाणाऱ्या चार शिक्षिकांनी कबूल केलं होतं, की सोमवारपासून त्या एसटी सोडून माझ्या गाडीनं जातील. म्हणून मी आठवड्यापूर्वी सेलूहून जुनी कार आणली. तीन वर्षांत मिळालेली ही माझी पहिली नोकरी, आणि तीही मीच मला दिलेली.

शनिवारी चौघी गाडी बघायला आल्या. त्यांना बसवून एक चक्कर मारली, तर डाव्या वळणावर आतून खडर्र झालं, मग खट्ट. त्यांच्यातल्या राजेश्री मॅडम गणित शिकवतात. त्या म्हणाल्या, "जीवन, उद्या संध्याकाळपर्यंत हा आवाज काढा. न्हाई तर आमची एसटी बरी. ती सगळीकडूनच वाजते, त्यामुळं काळजी वाटत न्हाई."

पहिल्या गॅरेजवाल्यानं शॉकअप बदला म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं सायलेन्सर. तिसरा गाडीखाली झोपला आणि खरंच झोपला.

"लिंबाजीमामाला दाखव," आई म्हणाली.

मामा आमच्या गल्लीतलेच. सेलूच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं त्यांचं काम एकच, मशीनचा आवाज ऐकणं. कापसात खिळा आला की ठिणगी उडते आणि सगळं पेटतं. मामांच्या तीस वर्षांत एकदाही आग लागली नाही. कान मात्र दोन्ही गेले.

"मग ऐकणार कसं?" मी ओरडून विचारलं.

"दातानं," मामा म्हणाले.

त्यांनी पेचकसाची मूठ दातात धरली आणि टोक गाडीच्या दाराला टेकवलं. दात तीन शिल्लक होते. मी जपून चालवत होतो, कारण एक खड्डा चुकवायचा राहिला असता तर दोनच राहिले असते. आवाज डाव्या वळणावरच येत असल्यानं आम्ही फक्त डावीकडं वळत राहिलो आणि दर पाच मिनिटांनी त्याच चहाच्या टपरीसमोर उगवत राहिलो. चौथ्या खेपेला टपरीवाला म्हणाला, "पत्ता सापडंना का?"

दार झालं, खालचा पत्रा झाला. मग मामांनी टोक समोरच्या डॅशबोर्डला टेकवलं आणि डोळे मिटले.

"ढिलं काई न्हाई," पेचकस तोंडातून काढून ते म्हणाले. "ढिली चीज जागेवर थरथरती. हे घरंगळायलंय. तू डावीकडं वळलास की हे उजवीकडं जाऊन आदळतंय. गोल हाय, पण एका बाजूनं चपटं. लोखंड न्हाई. लाकडावाणी वाजायलंय."

तिन्ही गॅरेजांत मिळून मला एवढी माहिती कुणी दिली नव्हती.

"सेलूहून आणतानी वाजत हुती?"

"नाही. दुसऱ्या दिवसापासून."

"मदी काय केलंस?"

"काहीच नाही. पूजा केली."

मामांनी पेचकसाची मूठ सदऱ्याला पुसली आणि गाडी कडेला घ्यायला सांगितलं.

पूजेला आईनं डॅशबोर्डवर चिमूटभर तांदूळ ठेवून त्यावर सुपारीचा गणपती मांडला होता. मी हौसेनं तशीच एक चक्कर मारून आलो, तर सुपारी गायब. देवानं पूजा मान्य केली, असं आईनं गल्लीभर सांगितलं. गल्लीतल्या तिघीजणी पाया पडून गेल्या. एकीनं गाडीची ओटी भरली. काचेखालची हवेची जाळी तुटलेली आहे, हे कुणी बघितलं नव्हतं. मीही नाही.

मामांनी समोरच्या खणाचे चार स्क्रू काढले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि सुपारी बाहेर काढली. हळदीकुंकवासकट. एका बाजूनं चपटी. त्यांनी ती आधी कपाळाला लावली, मग माझ्या हातात दिली.

"आठ दिस फिरायलाय बिचारा," एवढंच म्हणाले.

रविवारी संध्याकाळी चौघी बसल्या. डावं वळण आलं आणि गेलं. "परत घ्या," राजेश्री मॅडम म्हणाल्या. परत घेतलं. शांत. त्यांनी आवाज कुणी काढला विचारलं, मी ओट्यावरच्या मामांकडं बोट केलं. चौघी उतरून तिकडं गेल्या. शाळेतला एक पंखा दोन वर्षं वाजतोय आणि का ते कुणाला कळत नाही, असं मॅडमनी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. मामांनी विचारलं, "बंद करतानी वाजतो का चालू असतानी?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही सहाजण निघालो. मामा पुढं, माझ्या शेजारी, शाळेतल्या पंख्यासाठी पेचकस घेऊन. मागं चार शिक्षिका दाटीवाटीनं, मांडीवर डबे घेऊन बसल्या होत्या. पुढची सीट कुणीच मागितली नाही.