खारातल्या कैऱ्यांच्या बरणीची कबुली

मित्रांनो, पेडण्यातल्या एका स्वयंपाकघराच्या फळीवर बसलेली मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून शेवंतीने मला आणले, तेव्हा बसमध्ये मांडीवर घेऊन बसली होती. त्या मानामुळे मी आजही जरा मिजासखोर आहे! दर उन्हाळ्यात माझ्या पोटात कैऱ्या आणि मुठीमुठीने मीठ पडते. खारातल्या कैरीशिवाय या घरात पेज कुणाच्या घशाखाली उतरत नसे.

शेवंतीचा नवरा कृष्णनाथ पाडेली, म्हणजे माडांवर चढून नारळ पाडणारा. गेल्या वर्षी तो सकाळी डोके धरून बसू लागला.

"शेवंती, माका घेरी येता गे."

"घामान मीठ जाता अंगातला. पेज घेवा, आणखी एक कैरी दितंय."

आमच्याकडे घेरीवर हेच औषध. माझे झाकण उघडले की मी फुगून जायची. घेरी मात्र वाढतच गेली, आणि तो तसाच माडावर चढत राहिला.

एके दिवशी आरोग्य केंद्रातली सेजल आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, आली. आमच्या ओसरीवर तिने सगळ्यांच्या दंडाला पट्टा बांधला. दहा मोठ्या माणसांत तिघांचा रक्तदाब वाढलेला निघाला. शेजारच्या बाबलीला तर कसलाच त्रास नव्हता. हसत आला आणि आकडा ऐकून त्याने पुन्हा मोजायला लावले. कृष्णनाथचा आकडा सगळ्यांत वर, एकशे ऐंशी.

"काका, आता माडार चडूं नकात. वर घेरी इली तर?"

"मग आमी खातलंव काय?"

सेजलने समजावले. मीठ, सुकी मासळी, तंबाखू, सुटलेले पोट, अपुरी झोप, जिवाला लागलेली काळजी, या सगळ्यामुळे दाब वाढतो. कृष्णनाथच्या वडिलांनाही हाच आजार होता. मिठाचे नाव निघताच शेवंतीने आत फळीकडे पाहिले.

"म्हणजे मियांच दिलंय हेंका मीठ!" म्हणत ती रडू लागली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. कुरकुर करत का होईना, तंबाखू सुटली आणि माडावर चढणेही थांबले. माझे झाकण आठवड्यातून एकदाच उघडू लागले. खोटे कशाला बोलू, मी रुसले होते. पण चार महिन्यांनी आकडा उतरला, घेरी थांबली, आणि गोळी न सोडण्याच्या अटीवर डॉक्टरांनी चढायची परवानगी दिली.

त्या सकाळी शेवंती चूल सोडून माडाखाली जाऊन उभी राहिली. मला फळीवरून काही दिसत नव्हते. बाहेर धप्पकन आवाज झाला आणि मला धडकीच भरली. मग दुसरा आवाज आला, तिसरा आला. नारळच पडत होते! थोड्या वेळाने दारात पावले वाजली.

"शेवंती, पेज वाड गे. भूक लागली."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांचा रक्तदाब मोजून घ्या, घेरी येण्याची वाट पाहू नका. ताटात माझी कैरीही जपून वाढा. मी वर्षभर भरलेली राहिले तरी चालेल, पण माडावर गेलेला माणूस आपल्या पायांनी घरी आला पाहिजे.