एकवीस मिनिटांची नोंद

राजधानीलगतच्या एका जिल्ह्याची जन्म-मृत्यूची आकडेवारी तपासायला सूर्यकांत देवस्थळींना केंद्राच्या सांख्यिकी खात्यातून सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. रोज सकाळी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून निघायचं, मेट्रोने जिल्हा आरोग्य कार्यालय गाठायचं आणि दिवसभर तक्ते चाळायचे. इतरांना ते काम कंटाळवाणं वाटे. देवस्थळींना मात्र खोटा आकडा चपलेतल्या खड्यासारखा टोचायचा.

जूनमध्ये असाच एक टोचला. एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात वर्षभरात एकोणीसशे बाळंतपणं, एकतीस मृत जन्म, आणि जन्मल्यावर पहिल्या दिवशी दगावलेलं बाळ एकही नाही. असं कुठे होत नाही. बाळ श्वास घेऊन मग गेलं, तर जन्म आणि मृत्यू अशा दोन नोंदी होतात आणि चौकशी लागते. पोटातच गेलेल्या बाळाचा एक फॉर्म भरला की काम संपतं.

त्याच आठवड्यात टपालात एक हिंदी अर्ज आला. पहिलंच वाक्य होतं, 'मेरी बच्ची रोई थी.' हॉस्पिटल तेच. खाली सही होती, अबोली श्रीरंग पाटणकर. देवस्थळींनी फोन लावला आणि मराठीतच विचारलं, "उद्या येऊ शकाल का?"

ती आली. एकोणतीस-तीस वर्षांची, मूळची पुण्याची. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत.

"कागदावर मृत जन्म लिहिलंय, सर. पण मी ऐकलंय. अगदी बारीक आवाज होता. सगळे म्हणतात भास झाला. श्रीरंगसुद्धा तेच म्हणतो."

"ते होते तिथे?"

"दाराबाहेर. सात महिने झाले, आम्ही यावर बोलतच नाही."

"मी कागद मागवतो," देवस्थळी म्हणाले. "त्यात जे असेल ते सांगेन. काही नसलं तर तेही सांगेन."

"चालेल."

तीन स्मरणपत्रांनंतर केसपेपर आले. जन्मानंतर एका मिनिटाने बाळाचे ठोके, श्वास, रंग पाहून दहापैकी गुण देतात. मृत जन्मलेल्या बाळाला शून्य. एकतीसपैकी बारा कागदांवर एक, दोन, तीन असे गुण होते. अबोलीच्या कागदावर दोन होते. खाली नर्सच्या अक्षरात वेळा: दुपारी चार दहा, जन्म. चार एकतीस, ठोके बंद. देवस्थळींनी चष्मा काढून ठेवला. मग उठून आधी बाराही कागदांच्या झेरॉक्स काढून आणल्या.

जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "देवस्थळीजी, इतना अंदर क्यों जाना? शिशु मृत्यु का आँकड़ा बढ़ जाएगा. ऊपर से पूछेंगे."

"बढ़ेगा नहीं, सर. जो है, वही दिखेगा."

फाइल आठ दिवस टेबलावर पडून राहिली. नवव्या दिवशी सही झाली. हॉस्पिटलला नोटीस गेली, चौकशी बसली. ती अजून चालू आहे. बारा जुन्या नोंदी रद्द होऊन नव्या झाल्या.

ऑगस्टमध्ये अबोली दाखले न्यायला आली, तेव्हा श्रीरंग बरोबर होता. देवस्थळींनी दोन दाखले समोर ठेवले. एक जन्माचा, एक मृत्यूचा, दोन्हीवर तारीख एकच. नावाच्या रकान्यात अबोलीने कळवलेलं नाव होतं, रेवती. तिने ते बोट ठेवून वाचलं.

"यावर वेळ नाही?"

"दाखल्यावर वेळ नसते. केसपेपरवर आहे. चार दहाला जन्म, आणि चार एकतीसपर्यंत ठोके चालू होते."

"म्हणजे एकवीस मिनिटं."

"हो."

श्रीरंगने जन्माचा दाखला जवळ ओढला. कागदाकडे पाहतच तो म्हणाला, "मलाही ऐकू आलं होतं."

अबोली वळली.

"दार नुसतं लोटलेलं होतं. मग नर्स बाहेर येऊन म्हणाली, मेलेलीच जन्मली. मला वाटलं, तुलाही तसंच वाटलेलं बरं. जिवंत होती आणि गेली, हे तू कशी सोसणार."

"मला वाटत होतं मला वेड लागलंय," अबोली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नऊ महिने, श्रीरंग."

चहा सांगून येतो म्हणत देवस्थळी बाहेर पडले. चहावाला समोरच होता, तरी ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. आत आले तेव्हा श्रीरंगचे डोळे लाल झाले होते. अबोलीने दाखले पिशवीत ठेवले होते.

"बाकीच्या अकरा जणींना कळवलंत?" तिने विचारलं.

"पत्रं गेलीत. तिघींचे पत्ते बदललेत, शोधतोय."

"त्यांनाही कोणी ऐकून घेतलं नसेल. मला पत्ते द्याल?"

"पत्ते देता येत नाहीत. तुमचा नंबर त्यांच्यापर्यंत पोचवू शकतो. फोन करायचा की नाही, ते त्या ठरवतील."

अबोलीने कागदावर नंबर लिहिला. श्रीरंगने पेन मागून घेतलं आणि त्याखाली आपलाही लिहिला. "एखादीच्या नवऱ्याला बोलायचं असलं तर," तो म्हणाला.

तिने त्याला अडवलं नाही.