जांभळ्या बाटल्या

पूर ओसरून चार दिवस झाले, तरी गावचे नळ बंदच होते. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, ते चोवीस तासांची चाचणी सांगणार होती. नमुन्याच्या जांभळ्या बाटल्या पस्तीस अंशांच्या उबदार पेटीत ठेवायच्या; पिवळ्या पडल्या तर पाणी दूषित. नळ सोडायचा निर्णय जलकेंद्राच्या प्रमुख बाईंचा होता.

विसाव्या तासाला त्या आल्या, तेव्हा पेटीचं दार बोटभर उघडं होतं. तापमान बावीस. बाटल्या जांभळ्याच.

"सकाळीच डोकावलो," पंपवाले काका खुशीत म्हणाले. "एकही पिवळी नाही! फाटकावर सांगूनही आलो."

बाईंनी दार लावून घेतलं. "काका, दार लागलंच नाही. ऊब नसली की जंतू वाढत नाहीत. या बाटल्या आता काहीच सांगत नाहीत. पहिल्यापासून करावं लागेल."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

फाटकावर बादल्यांची रांग लागली होती. काका पुढे व्हायला लागले, तशी बाईंनी त्यांना हातानेच मागे सारलं. धरायला आलेल्या शिपायांसमोर प्रभू स्वतः पुढे झाला आणि शिष्यांना त्याने जाऊ दिलं, हे त्या लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आल्या होत्या. तेव्हा तो किती एकटा असेल, हे मात्र आज प्रथमच मनात आलं.

"चाचणी बिघडली," त्या म्हणाल्या. "पेटीला कुलूप लावणं माझं काम होतं, मी लावलं नाही. उद्या दुपारपर्यंत नळ सुटणार नाही. टँकर येतोय, तान्ही मुलं आणि आजारी माणसं आधी."

"तुमच्या बाटल्यांना आंघोळ नको असेल, आम्हाला हवी आहे!" कोणीतरी ओरडलं. लोक हसले, पण ते हसू बोचरं होतं.

गर्दीतून बाईंची नणंद पुढे आली. "वहिनी, बाळाची दुपटी धुवायला थेंब नाही घरात. आईला काय सांगू?"

"उद्या म्हणून सांगा."

नणंद रिकामी बादली उचलून निघाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

आत काका खाली मान घालून उभे होते. "माझं नाव सांगायचं होतंत."

"त्याने नळ लवकर सुटला असता का?" बाईंनी नव्या बाटल्या पेटीत ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "ही तुमच्याकडेच ठेवा. आणि टँकरबरोबर जा, लोक तुमचं ऐकतात."

काका गेले. बाईंनी घरी फोन लावला. कोणी उचलला नाही. मग त्या पेटीसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि डोळे मिटले.

"प्रभू, बाळाला पाणी पोचव. आणि उद्या बाटल्या पिवळ्या पडल्या, तर त्याच फाटकावर जायचं बळ दे."